बोअर सुकली की बुजली?



होळी झाली की आमच्या कार्यालयात पाण्याच्या मागण्या येऊ लागतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या आसपास वारली, कातकरी आणि मल्हार कोळी बांधवांचे पाडे आहेत. पारोळ, भाताणे, सकवार ही नावे आपल्या वाचकांना नवी नाहीत. पाडा कोणताही असो, निरोप बहुधा एकाच शब्दांत येतो : "ताई, बोरिंग सुकली. नवी मारून द्या."

असे निरोप अंकात छापले की आपल्यापैकी अनेक जण लगेच पुढे येतात. कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ, कोणी लग्नाच्या पंचवीस वर्षांनिमित्त एखाद्या पाड्याला बोअर द्यायला तयार असतो. या उदारतेचे मोल आम्हाला ठाऊक आहे. तरीही या अंकात एक वेगळी विनंती करायची आहे. नवी बोअर देण्याआधी जुनी का थांबली हे तपासायला आम्हाला मदत करा. 'सुकली' म्हणून सोडून दिलेली प्रत्येक बोअर सुकलेली नसते. काही बुजलेल्या असतात. सुकलेल्या बोअरला आपण काही करू शकत नाही, पण बुजलेली बोअर अनेकदा पुन्हा चालू होते आणि तिचा खर्च नव्या बोअरच्या मानाने थोडाच असतो.

ईशज्ञानाच्या अभ्यासक्रमात मला विहिरींचा विषय नव्हता. जे थोडेफार कळते ते पाड्यांवरच्या बायांकडून, हातपंप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांकडून आणि शासकीय भूवैज्ञानिकांकडून शिकले. तेच इथे सोप्या शब्दांत मांडते.

इतका पाऊस पडतो, मग पाणी जाते कुठे?

आपल्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये डोंगराकडच्या पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी ओहोळात खड्डे करावे लागतात. याचे कारण पायाखालचा खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तयार झालेला हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या कातळातल्या भेगा एवढीच पाण्याला जागा. असा शंभर लिटर मुरूम घेतला तर त्यातून उपसता येईल असे पाणी जेमतेम एक ते तीन लिटर निघते.

वसईच्या पश्चिम पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे किनाऱ्यालगत वाळू आहे, पाणी उथळ आहे आणि म्हणून आपल्या वाडवडिलांना वाड्यांमध्ये बावखले आणि विहिरी राखता आल्या. तिथला आजारही वेगळा. टँकरसाठी बेसुमार उपसा झाला की गोड्या पाण्यात खारे पाणी शिरते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने दिलेला पाण्यासाठीचा लढा आपल्यातल्या अनेकांनी स्वतः पाहिला आहे. खारावलेली विहीर धुऊन गोड होत नाही. बुजलेल्या बोअरचे तसे नाही.

बोअर म्हणजे साधारण सहा इंच व्यासाचे, बहुधा दोनशे फुटांच्या आसपास खोल भोक. वरच्या माती-मुरमाच्या थरात लोखंडी किंवा पीव्हीसी पाइप बसवतात, त्याला केसिंग म्हणतात. खाली कातळ लागला की भोक तसेच उघडे ठेवतात. एवढ्या खोल भोकात पाणी येते ते दोन-तीन भेगांमधून. काही भेगा बोटभर रुंद, काही तर वहीच्या पुठ्ठ्याएवढ्या. या भेगांची तोंडे चोंदली की बाहेर खडकात पाणी उभे असूनही बोअर कोरडी पडते. पाड्यावरच्या माणसाला दिसते एवढेच, की दांडा मारून मारून हात दुखले आणि कळशी भरली नाही.

बोअर बुजते कशाने?

पहिले कारण माती आणि मुरूम. केसिंग पाइप कातळात घट्ट रुतवायला हवा. पाइपाचे पैसे वाचवण्यासाठी तो मुरमातच अर्ध्यावर सोडला, तर दर पावसाळ्यात बाजूचा मुरूम ढासळून आत पडतो. ओटा फुटलेला असेल तर सांडपाणी आणि चिखल पाइपाच्या कडेने खाली झिरपतो. झाकण नसेल तर मुलांनी टाकलेले दगडही आत जातात. बोअर तळाकडून भरत येते आणि तळाजवळची भेग सर्वांत आधी गाडली जाते.

दुसरे कारण खडकाची भुकटी. बोअर मारताना कातळाची बारीक पूड होते. ती ओली होऊन भेगांच्या तोंडाशी लिंपली जाते. बोअर पूर्ण झाल्यावर स्वच्छ पाणी येईपर्यंत कॉम्प्रेसरची हवा सोडून ती धुवायची असते. गाडीवाल्याला पुढच्या गावी जायची घाई असते आणि गढूळ पाणी असतानाच मशीन बंद होते. अशी बोअर जन्मतःच अर्धी बुजलेली असते.

तिसरे कारण चुना. खडकातल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो आणि तो पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे विरघळलेल्या स्थितीत राहतो. सोड्याची बाटली उघडल्यावर वायू कसा फसफसून निघून जातो, ते आठवा. जोराचा पंप लावून पाण्याची पातळी झटकन खाली खेचली की भेगेच्या तोंडाशी दाब कमी होतो, वायू सुटतो आणि चुना तिथेच साचतो. पंपाच्या रॉडवर किंवा पाइपावर पांढरे कवच दिसले तर हा प्रकार ओळखावा.

चौथे कारण लोह आणि त्यावर जगणारे जिवाणू. भूजलात विरघळलेल्या लोहाला हवा लागली की त्याचा तांबडा गंज होतो. काही जिवाणू याच लोहावर जगतात आणि बुळबुळीत, तांबूस साका तयार करतात. हे जिवाणू रोग पसरवणारे नव्हेत. पण त्यांचा साका भेगा, जाळी आणि पाइप सगळे चोंदवतो. बंद पडून राहिलेल्या बोअरमध्ये हा साका निवांत वाढतो. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, हापसा फारसा चालत नाही आणि उन्हाळ्यात परत आल्यावर पहिल्या हंड्यात तांबडे, वास मारणारे पाणी येते, ते यामुळेच.

तपासणी : पाड्यावरच करता येतील अशा पाच कसोट्या

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. बोअरचेही तसेच. पुढच्या पाचपैकी चार कसोट्यांना बादली, घड्याळ आणि डोळे पुरतात, एकीला मेकॅनिक लागतो.

१. आधी पंप तपासा. आपल्याकडचा नेहमीचा 'इंडिया मार्क २' हातपंप ठीक असेल तर मिनिटभरात ४० वेळा दांडा मारल्यावर साधारण १२ लिटर पाणी मिळते. ते मिळाले नाही तर दुसरी चाचणी करा. पंप चालवून पाणी आले की पाच-दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा दांडा मारा. पाच-सहा वेळांत पाणी यायला हवे. पंधरा-वीस वेळा मारावे लागले तर खालची झडप गळते किंवा पाइपाला भोक आहे. दोष पंपात आहे, बोअरमध्ये नाही. झडपेत अडकलेला वाळूचा कण किंवा झिजलेला वॉशर एवढ्यावरून आख्खी बोअर 'मेली' ठरते.

२. सलग अर्धा तास हापसा. सुरुवातीला भरपूर पाणी आले, मग धार तुटली आणि तासभर विश्रांती दिल्यावर पुन्हा पाणी आले, तर पंप शाबूत आहे. बोअरमध्ये पाणी हळू भरते आहे. इथे बुजल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

३. शेजारची विहीर पाहा. जवळच्या उघड्या विहिरीत दर वर्षीइतकेच पाणी असेल आणि बोअर मात्र कमी झाली असेल, तर भूजल खाली गेलेले नाही, बोअर चोंदली आहे असे समजायला आधार मिळतो. दोन्ही एकदम आटल्या असतील तर दुष्काळ खरा आहे.

४. दोरीला वजन बांधून खोली मोजा. यासाठी पंप काढावा लागतो, म्हणून हे काम मेकॅनिकच्या हातून करावे. नोंदीत २०० फूट लिहिलेले असताना वजन १२५ फुटांवर टेकले, तर ७५ फूट गाळ आहे. याहून सरळ पुरावा दुसरा नाही.

५. पाणी नीट बघा. पहिली बादली तांबडी आणि नंतरचे पाणी स्वच्छ असेल तर पाइप गंजला आहे. पाणी काढताना स्वच्छ दिसते आणि तासाभराने लालसर होते, तर लोह भूजलातच आहे. अशा पाण्याचा चहा काळा पडतो, पाड्यावरच्या बाया हे लगेच सांगतात. पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर काडीने हलवा. तवंगाचे तुकडे पडून ते वेगळेच राहिले तर तो लोहजिवाणूंचा पापुद्रा. खरे तेल पुन्हा एकत्र येते. गढूळ पाणी आणि तळाशी माती म्हणजे केसिंगचा दोष.

विजेचा पंप बसवलेल्या बोअरसाठी आणखी एक मोजमाप उपयोगी आहे. पंप बंद असताना पाणी किती खोल आहे, ती स्थिर पातळी. ठरावीक वेळ उपसल्यावर पाणी किती खोल जाते, ती उपसा पातळी. या दोहोंतला फरक म्हणजे उतार. समजा, बोअर घेतली तेव्हा मार्चमध्ये स्थिर पातळी ६ मीटर होती आणि तासाला १,२०० लिटर उपसले की पाणी १४ मीटरवर जात होते. उतार ८ मीटर, म्हणजे मीटरमागे १५० लिटर. आज मार्चमध्येच स्थिर पातळी ७ मीटर आहे, पण तेवढ्याच उपशाला पाणी ३१ मीटरवर जाते. उतार २४ मीटर, मीटरमागे फक्त ५० लिटर. जमिनीतले पाणी जवळजवळ होते तिथेच आहे. बोअरमध्ये शिरण्याची वाट मात्र अरुंद झाली आहे. याउलट स्थिर पातळीच १५ मीटरवर गेली असेल आणि उपसा पातळी २३ असेल, तर उतार तेवढाच आहे. ही बोअर बुजलेली नाही, भूजलच खाली गेले आहे. तिथे धुण्यावर पैसे घालवू नयेत.

तीन पाडे, तीन निदाने

या कसोट्या कशा उपयोगी पडतात ते आमच्याच कामातून सांगते.

एका पाड्यावर बारा वर्षांची बोअर दोन उन्हाळे बंद होती. ओट्यावर रंगवलेली खोली २०० फूट होती. वजन १३० फुटांवर थांबले. बाजूच्या विहिरीत पाणी होते. कॉम्प्रेसर लावला तेव्हा आधी तांबडा चिखल आला, मग मुरमाचे खडे, मग एक रबरी चप्पल. ती चप्पल बघून बायामुले पोट धरून हसली. तीन तासांनी पाणी निवळले. ज्या ठेकेदाराने ही बोअर मारली होती त्याने केसिंग कातळापर्यंत नेलेच नव्हते. म्हणून आतून कमी व्यासाचा पीव्हीसी पाइप कातळापर्यंत उतरवून कडा बंद केली. नुसती धुऊन सोडली असती तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरली असती.

दुसऱ्या पाड्याने नवी बोअर मागणारा अर्ज सह्या-अंगठ्यांसह आणला होता. तिथे पहिल्याच कसोटीत पंपाचे वॉशर झिजलेले निघाले. काम एका दुपारचे होते. त्याआधीचे चार महिने मात्र तिथल्या मुली शाळा बुडवून पाणी भरत होत्या.

तिसऱ्या पाड्यावर वजन तळापर्यंत गेले, शेजारची विहीर कोरडी होती आणि रात्रभर थांबूनही पातळी वर आली नाही. ती बोअर खरोखरच सुकली होती. तिथे आम्ही धुण्याचा खर्च केला नाही आणि दुसऱ्या जागेचे सर्वेक्षण मागितले. निदानाचा उपयोग 'हो' म्हणायला होतो तितकाच 'नाही' म्हणायलाही होतो.

निदानानंतरचे उपाय

गाळासाठी कॉम्प्रेसरने धुणे हा पहिला उपाय. हवा एकसारखी न सोडता थांबून थांबून सोडली तर पाणी भेगांमध्ये आत-बाहेर होते आणि अडकलेली माती सुटते. पाणी पूर्ण निवळेपर्यंत थांबायचे.

जिवाणूंच्या साक्यासाठी आधी धुणे आणि मग ब्लीचिंग पावडर. सहा इंची बोअरमध्ये एक मीटर उंचीत सुमारे १८ लिटर पाणी मावते. ४० मीटर पाणी असेल तर सातशे लिटरच्या आसपास. एवढ्याला चांगल्या, ताज्या पावडरीची साधारण पाव किलो मात्रा पुरते. पावडर तशीच आत ओतू नये. बादलीत कालवून निवळू द्यावी आणि वरचे स्वच्छ पाणीच सोडावे. खालचा चुन्याचा साका आत गेला तर बोअर धुण्याऐवजी आपणच ती बुजवू. मग किमान बारा तास हापसा बांधून ठेवावा, पाड्यावर सर्वांना सांगावे आणि नंतर वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे. त्याआधी कोणी ते पिऊ नये.

चुन्याच्या कवचासाठी आम्ल वापरतात. ते काम जाणकारांनीच करावे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे कधीही विसरू नये.

भेगाच फार बारीक असतील तर जलभंजन हा उपाय आहे. बोअरमध्ये रबरी बूच बसवून खाली मोठ्या दाबाने पाणी सोडतात. त्याने भेगा साफ होतात आणि आजूबाजूच्या भेगांशी जोडल्याही जातात. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आणि हे तंत्र तिच्याकडे आहे. विंधण विहिरींची विशेष दुरुस्ती, विहिरी खोल करणे आणि गाळ काढणे ही कामे शासनाच्या टंचाई उपाययोजनांमध्येही बसतात. अर्ज ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीकडे जातो. महापालिकेच्या हद्दीतल्या पाड्यांनी महापालिकेकडे जावे. अर्ज दिवाळीच्या सुमारास द्यावा. एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जाचे काम होईपर्यंत पावसाळा येतो.

उघड्या विहिरीचा गाळ काढताना एक धोक्याची सूचना. खोल विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नये, त्याच्या धुराने माणसे दगावतात. एकट्याने उतरू नये. आतला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने तसेच उडी मारून जाऊ नये. गाळ काढताना एकामागून एक जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच घडतात.

हापशाचा इतिहास आपलाही आहे

आज भारतभर दिसणाऱ्या हापशाच्या जन्मात महाराष्ट्रातल्या मिशनच्या कामाचा वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. साठच्या दशकातल्या दुष्काळांनंतर देशात बोअर मारण्याच्या कामाला वेग आला. पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराचे होते. आख्खे गाव दिवसभर वापरू लागल्यावर ते भराभर मोडले. तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या पाणी प्रकल्पांतील लोकांनी पोलादी, मजबूत पंप तयार केले. ते 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' म्हणून ओळखले जात. पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने त्याच धर्तीवर 'इंडिया मार्क २' घडला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे ५० लाख पंप बसले होते.

त्या माणसांनी आणखी बोअरी मारण्याआधी एक प्रश्न विचारला : मारलेल्या बोअरी बंद का पडतात? तो प्रश्न आज आपल्यापुढेही आहे.

बुजू नये म्हणून

आम्ही आता प्रत्येक पाड्यावर बोअरची वही ठेवायला सुरुवात केली आहे. बोअर कधी मारली, खोली किती, केसिंग किती फूट, पाणी कोणत्या फुटावर लागले, सुरुवातीला किती मिळाले, हे पहिल्या पानावर. पुढच्या पानांवर वर्षातून चार वेळा बादलीची चाचणी. शासनाची यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. वही ठेवणारी शक्यतो बाईच निवडतो. पाणी कमी झाल्याचे हापसणारीच्या हाताला सर्वांत आधी कळते. काल वीस वेळा दांडा मारून भरणारा हंडा आज तीसवर गेला, हे कोणा इंजिनिअरला समजण्याआधी तिला समजते.

बाकीचे नियम साधे आहेत. नवी बोअर मारताना केसिंग कातळात रुतले आहे की नाही आणि पाणी निवळेपर्यंत धुतली की नाही, हे पाड्यावरच्या दोन माणसांनी उभे राहून बघायचे. ओटा अखंड ठेवायचा आणि सांडपाणी नालीने दूर न्यायचे. बोअरच्या ताकदीपेक्षा मोठा पंप बसवायचा नाही. थोडे थोडे, पण जास्त वेळ उपसायचे. पाड्यावर माणसे नसली तरी कोणीतरी आठवड्याला हापसा चालवायचा. बंद केलेली बोअर उघडी टाकायची नाही. लहान मुले आत पडून गेलेले जीव लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा बोअरी बुजवण्याबाबत स्पष्ट निर्देश दिले आहेत.

छताचे पावसाचे पाणी बोअरमध्ये सोडण्याची कल्पना अनेक जण हौसेने मांडतात. कल्पना चांगली आहे, पण गाळणीशिवाय ती घातक ठरते. पहिल्या पावसाची धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण थेट भेगांमध्ये जाते. पहिले पाणी वाया जाऊ द्यावे आणि नंतरचे खडी-वाळूच्या गाळणीतून सोडावे, ती गाळणी दर वर्षी धुवावी. शेताचे किंवा रस्त्याचे गढूळ पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नये. ते बाजूच्या शोषखड्ड्यात मुरू द्यावे.

नवी आधी की जुनी आधी?

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाची हकिगत आहे. त्याचा बाप अब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाक त्या भागात आला तेव्हा त्याने आधी बापाच्या विहिरी पुन्हा उकरल्या आणि त्यांना बापाने दिलेली नावेच ठेवली. नव्या विहिरी त्याच्या माणसांनी नंतर खणल्या आणि पहिल्या दोहोंवरून शेजाऱ्यांशी भांडणही झाले. मी हा अध्याय अनेकदा वाचला होता, पण पाड्यांवर काम करू लागल्यापासून त्यातला हा क्रम माझ्या लक्षात राहिला आहे.

नव्या बोअरवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. धुतलेल्या बोअरवर किंवा बदललेल्या वॉशरवर पाटी लावता येत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी निधी मिळणे नेहमीच अवघड जाते. पण जुन्या बोअरपासून पन्नास फुटांवर मारलेली नवी बोअर पुष्कळदा त्याच भेगेतले पाणी ओढते आणि मग पाड्याला दोन अर्ध्या बोअरी मिळतात.

यंदा दिवाळी ते नाताळ या काळात आमच्या संपर्कातल्या पाड्यांवरच्या सर्व बंद हापशांची तपासणी करायचे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी दोरी-टेप, पंप काढण्याची अवजारे आणि कॉम्प्रेसरचे भाडे लागेल. प्रत्येक पाड्यातून एक तरुण आणि एक तरुणी यांना मेकॅनिकच्या हाताखाली शिकवायचे आहे, त्यांच्या बुडणाऱ्या मजुरीची भरपाई लागेल. ज्यांनी यंदा बोअर द्यायचे मनात धरले आहे त्यांनी आधी हे काम उचलावे, अशी विनंती आहे. तपासणीत जिथे जमीन खरोखर कोरडी निघेल, तिथल्या नव्या बोअरसाठी आम्ही आपल्याकडे पुन्हा येऊच, आणि तेव्हा ती का हवी आहे हे वहीतल्या आकड्यांनिशी सांगू.

ज्यांना पैशाने शक्य नाही, पण पंपाचे, पाइपाचे किंवा मोटारीचे काम येते, त्यांनी एखादा शनिवार द्यावा. आपल्या पॅरिशमध्ये असे हात पुष्कळ आहेत.